डाव्या खांद्याची रायफल

घाबरू नका मित्रांनो, पण मी एक जुनी रायफल आहे. छत्री, घड्याळ, फाटके पुस्तक यांची आत्मवृत्ते तुम्ही वाचली असतील. त्या ओळीत माझे नाव पाहून तुमच्या बाईंनी भुवया उंचावल्या, तर मला त्यांचा राग येणार नाही. मी सध्या जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावरच्या ओबिहिरो शहरात राहते. एका मराठी घराच्या भिंतीला पक्के ठोकलेले लोखंडी कपाट हे माझे बिऱ्हाड. त्याची किल्ली कुठे असते ते घरातल्या एकाच माणसाला ठाऊक आहे, कारण इथला कायदाच तसा आहे. एका रायफलीचा परवाना एकाच माणसाच्या नावावर असतो. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी, अगदी घरधन्यानेसुद्धा, तिला बोट लावायचे नाही. एकनिष्ठेच्या बाबतीत आमचा हात धरणारे कुणी नाही, असे मी जरा तोऱ्यातच म्हणते.

मराठी मी याच कपाटात शिकले. पत्र्याच्या आडून स्वयंपाकघरातले सगळे बोलणे ऐकू येते, आणि मराठी माणसे एकच किस्सा किती वेळा सांगतात ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून पुढे जे सांगणार आहे, त्यातले काही मी स्वतः पाहिलेले आहे आणि काही ऐकून ऐकून मला पाठ झालेले आहे.

माझा जन्म आसाहिकावा गावी झाला. लाकडी सामानासाठी ते गाव नावाजलेले आहे. तिथे एक कारागीर छोट्याशा कारखान्यात ऑर्डरप्रमाणे रायफली बांधत असे. दुकानात टांगलेला तयार सदरा निराळा आणि शिंप्याकडून मापाने शिवलेला निराळा. मी मापाची आहे. माझे माप दिले कुबोता-सान नावाच्या शेतकऱ्याने; 'सान' म्हणजे आपले 'राव' किंवा 'बाई'. ओबिहिरोभोवती पसरलेल्या तोकाचीच्या मोकळ्या मैदानात त्यांची बटाट्याची आणि बीटाची शेती होती. रात्रीतून हरणांचे कळप येऊन पिके फस्त करत आणि दिवसा शेताच्या पार टोकाला उभे राहत. त्यासाठी त्यांना लांब पल्ल्याची रायफल हवी होती.

कारागिराने त्यांना हिवाळ्यातला जाड कोट घालून बोलावले. हाताची लांबी, मानेची उंची, गाल कुठे टेकतो, सगळे त्याने टेपने मोजले. कुबोता-सान अंगाने लहानखुरे, म्हणून माझा अक्रोडाचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, आखूड आहे. आणि ते डावखुरे, म्हणून माझा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारी दांडी, डाव्या अंगाला आहे. जगातल्या बहुतेक रायफलींची ती उजवीकडे असते.

डावखुरे असल्याचे सांगताना कुबोता-सान असे ओशाळले, की जणू चोरी कबूल करत होते. त्यांच्या लहानपणी जपानातही डाव्या हाताचे लाड नव्हते. डाव्या हातात पेन्सिल दिसली की मास्तर पट्टी मारत. घरी वडील जेवणाच्या काड्या काढून उजव्या हातात कोंबत. बिचारे उजव्या हाताने लिहायला शिकले, जेवायलाही शिकले. पण जंगलात पट्टी घेऊन कुणी उभे नव्हते. तिथे त्यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली ती कायमची. कारागीर म्हणाला, की डावीकडचा भाग परदेशातून मागवावा लागेल, थांबावे लागेल. कुबोता-सान थांबले.

आमचा संसार सुखाचा झाला. लांब पल्ल्याची रायफल म्हणजे वाटेल तितक्या लांबून बार काढायचे यंत्र, असा काहींचा समज असतो. कुबोता-सान मला पाठपिशवीवर टेकवून आधी गवत बघत. गवत कुठे झुकते आहे, वारा कुठून आहे, हरीण आडवे उभे आहे की तिरके, हे सगळे पाहून झाले की पुष्कळदा ते चापावरचे बोट काढून घेत आणि पुटपुटत, "आज नाही." मला सुरुवातीला याचा राग यायचा. तरुणपणी कुणाला काम दाखवायची हौस नसते? पुढे कळले, की त्या 'आज नाही'मुळेच आमच्या हातून जखमी होऊन पळालेले जनावर जवळजवळ नव्हते. हरीण पडले की ते टोपी काढून हात जोडत. घरी परतल्यावर मला लगेच ऊबेत नेत नसत. थंडीतून एकदम गरम खोलीत आले की लोखंडाला घाम फुटतो आणि मागून गंज येतो. आधी पडवीत ठेवायचे, मग पुसायचे, मग तेलाचा हात फिरवायचा. गावातले शिकारी म्हणत, "कुबोताची रायफल बघा आणि मग आपापली बघा." ऐकून मी फुगून जायची.

मध्यंतरी होक्काइदोत शिकारीला शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी आली. मारलेल्या हरणाचे राहिलेले मांस गरुड खात, त्यातले शिसे पोटात जाऊन ते मरत. बंदी योग्यच होती, पण माझ्यावर मात्र संक्रांत आली. शिशाच्या जागी तांबे आले. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तांब्याची गोळी लांबुडकी करावी लागते. आणि लांबुडकी गोळी सरळ जायची तर नळीच्या आतल्या खाचांना जास्त पीळ लागतो. माझी नळी या परीक्षेत नापास झाली. पुष्कळांनी आपल्या रायफली विकून नव्या आणल्या. कुबोता-सान मला घेऊन परत आसाहिकावाला गेले आणि त्यांनी मला नवी नळी बसवून घेतली. म्हातारपणी नवे दात आले म्हणा ना.

पण त्या नव्या दातांनी मी फारसे काही चावले नाही. कुबोता-सानांचे गुडघे गेले, नजर अधू झाली. कुणी सांगायच्या आधी त्यांनी स्वतःहून परवाना परत केला. परवाना गेला की रायफल घरात ठेवता येत नाही. ते मला ओबिहिरोला शिमिझु-सानांच्या दुकानात घेऊन आले. शिमिझु-सान म्हणजे नवऱ्यामागे बंदुकांचे दुकान चालवणाऱ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या साठीच्या बाई. कुबोता-सानांनी मला टेबलावर ठेवले. त्यांनी माझ्यावर उमटलेले आपल्या बोटांचे ठसे तेवढे फडक्याने पुसले आणि गेले. मला फार वाईट वाटले.

त्यानंतरचे दिवस मी दुकानाच्या मागच्या पोलादी खोलीत काढले. गिऱ्हाईक येई, माझ्या लाकडावरून हात फिरवी, नळी नवी आहे हे ऐकून खूश होई आणि मग त्याची नजर बोल्टवर जाई. "अरेरे, डावी आहे." झाले. सगळे गुण जुळायचे आणि नेमकी तिथे येऊन पत्रिका अडायची. इकडे शिकारी म्हातारे होत चालले आहेत. दुकानात परत येणाऱ्या रायफली पुष्कळ, नेणारे थोडे. जागा संपली की न खपलेल्या रायफली कापायला पाठवतात. शेजारच्या मैत्रिणी एकेक करून गेल्या. एके दिवशी शिमिझु-सानांनी माझ्या दस्त्याला पिवळी चिठ्ठी लावली. या महिन्याच्या अखेरीस माझीही पाळी होती.

आणि त्या महिन्यात, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, उत्तरा दुकानात आली.

उत्तरा मूळची पुण्याची. जनावरांची डॉक्टर. पीएचडीसाठी ओबिहिरोच्या विद्यापीठात आली आणि पुढे तिथेच हरणांच्या रोगांवर संशोधन करू लागली. तिचा नवरा चंद्रहास नागोयाला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे. महिन्यातून एकदा विमानाने येतो आणि आल्याबरोबर फ्रीज उघडून बघतो. शेतकऱ्यांबरोबर रानात हिंडता हिंडता उत्तराने छर्‍याच्या बंदुकीचा परवाना काढला. तिच्यातून हरणासाठी एकच मोठी गोळीही झाडता येते, पण जवळूनच. इथे ती बंदूक दहा वर्षे नीट सांभाळल्याशिवाय सहसा रायफल मिळत नाही. तिची दहा वर्षे नुकतीच भरली होती.

पण ती काही हौसेने आली नव्हती. आदल्या हिवाळ्यात तिची गोळी एका हरिणीला भलतीकडे लागली होती. हरिणी बर्फात रक्त सांडत झाडीत शिरली. उत्तरा आणि बरोबरचे शेतकरी अंधार पडेपर्यंत माग काढत हिंडले, पण ती सापडली नाही. जनावरे बरी करायला शिकलेल्या बाईच्या हातून एक जनावर असे तडफडत मरायला सुटले, हे तिच्या मनातून जाईना. त्यानंतर तिने बंदूक उचलली नाही. आपली बंदूक इतक्या पल्ल्याची नाही, म्हणून असे झाले, असा तिने अर्थ लावला. आता चांगली लांब पल्ल्याची रायफल घ्यायची. त्या रायफलीने गोळी नेमकी जागेवर बसली तर ठीक, नाहीतर परवाना परत करायचा आणि शिकार कायमची सोडायची, असे तिने ठरवून टाकले होते.

तिच्याबरोबर तिचे वडील होते. विश्वनाथराव, पुण्याच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. उन्हाळाभर लेकीकडे राहायला आले होते. शुद्ध शाकाहारी माणूस. लेक शिकार करते हे त्यांनी नातेवाइकांना सांगितलेलेच नव्हते, विचारले तर 'रानात संशोधन करते' म्हणायचे. शिमिझु-सानांनी दिलेल्या स्टुलावर ते कोन्बिनीची, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानाची, पिशवी मांडीवर घेऊन बसले. पिशवीत दोन भाताचे गोळे होते. त्यांत मासा नाही याची त्यांनी लेकीकडून दोनदा खात्री करून घेतली होती.

इथे वापरलेली रायफल घेताना ती झाडून बघता येत नाही. परवाना एकेका रायफलीचा, तोही आधी रायफल पसंत केल्यावर मिळणार. आंबा न चाखता पेटी घ्यायची तसा प्रकार. दुकानात मात्र, आधीचा परवाना असला की, ती हातात घेऊन खांद्याला लावून बघू देतात. मग माणसाला डोळ्यांवर आणि खांद्यावरच भिस्त ठेवावी लागते. उत्तराला ते ठाऊक होते. शिमिझु-सानांनी दोन-तीन रायफली मांडल्या आणि ती एकेकीला विचारू लागली. किती झाडली आहे? नळीचे तोंड कुठे ठेचले आहे का? स्क्रू कुणी उघडून बघितलेत का? लाकूड आणि लोखंड जिथे मिळते तिथे भेग आहे का? आधीच्या मालकाने का विकली? प्रश्न ऐकून शिमिझु-सानांनी चष्मा नाकावर चढवला. उगाच हात लावून जाणारे गिऱ्हाईक ते नव्हते.

त्यांतली एक काळी रायफल तिला आवडली. साप्पोरोच्या कुणा व्यापाऱ्याने हौसेने बांधून घेतलेली, दस्ता फायबरचा, वर भलीमोठी दुर्बीण. उत्तराने फोटो पाठवला तसा चंद्रहासचा लगेच फोन आला.

"काळी घे," तो म्हणाला. "लुक्स आहेत, रीसेल व्हॅल्यू पण आहे."

"गाडी नाही घेत आहे मी, चंदू."

"तत्त्व एकच असतं गं," तो म्हणाला आणि मीटिंगला पळाला.

तेवढ्यात शिमिझु-सान आत जाऊन मला घेऊन आल्या. टेबलावरच्या जाड फेल्टच्या कापडावर मला ठेवत त्या म्हणाल्या, "ही तुमच्या कामाची नाही, उत्तरा-सान, डावी आहे. कापायलाच जाणार आहे. पण हिची नळी जवळजवळ नवी आहे. चांगली नळी आतून कशी दिसते ते हिच्यात बघून घ्या, मग काळीची बघा."

मित्रांनो, कापायला जायच्या आधी नमुना म्हणून बाहेर यायचे! पण तक्रार कुणाकडे करणार? शिमिझु-सानांनी माझा बोल्ट काढला, एका टोकाला उजेड धरला आणि उत्तरा दुसऱ्या टोकाला वाकली.

माझ्या नळीच्या टोकाशी एक डोळा आला. काळाभोर आणि अगदी स्थिर. तो डावा डोळा होता.

मग तिने काळीच्या नळीत पाहिले. पुन्हा डावा. ताडून बघायला परत माझ्यात पाहिले. पुन्हा डावा. त्यानंतर तिने काळी रायफल उचलली आणि उजव्या खांद्याला लावली. दुकानाच्या मागच्या लांबट खोलीत समोरच्या भिंतीवर नेम बघण्यासाठी एक तांबडा ठिपका आहे. त्या ठिपक्यावर नेम धरताना तिची मान दस्त्यावरून पलीकडे कलली, गाल दाबला गेला, कपाळाला आठ्या पडल्या. काळीचे टोक ठिपक्याभोवती माशीसारखे फिरत राहिले.

"मान जरा सरळ," शिमिझु-सान म्हणाल्या.

उत्तराने मान सरळ केली. थोड्या वेळाने ती पुन्हा कलली. शिमिझु-सानांनी दस्त्याला गालपट्टी लावून पाहिली. तरी तेच. इतकी वर्षे छर्‍याच्या बंदुकीने ती जवळून नेम मारत आली, तिथे ही ओढाताण खपून जायची. लांब पल्ल्यावर ती खपणार नव्हती. त्या हरिणीच्या वेळी काय झाले असेल ते मला कळून चुकले. आणि काळी घरी नेली तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच होईल हेही दिसत होते. पण मला बापडीला कुठे तोंड आहे? मी फेल्टवर गप्प पडून राहिले.

"सवयीने जमेल," उत्तरा शेवटी म्हणाली. "हीच घेते." शिमिझु-सानांनी मला पुसून बोल्ट परत चढवला. मी आत जायला निघाले होते.

तिथून पुढचे संभाषण मराठीत झाले. तेव्हा मला त्यातले अक्षरही कळले नाही, पण नंतर या घरात ते इतक्यांदा झाले आहे की आता मी ते जसेच्या तसे सांगू शकते.

"बाबा, झालं. निघू या."

विश्वनाथराव स्टुलावरून उठले नाहीत. मांडीवरच्या पिशवीची त्यांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"उत्तरा, मघाशी नळीत कुठल्या डोळ्याने बघितलंस?"

"कुठल्या म्हणजे?"

"डाव्या. प्रत्येक वेळी. मी बघत होतो."

"असेल. त्याचं काय?"

"आणि बंदूक उजव्या डोळ्याला लावतेस."

"कारण मी उजवी आहे, बाबा."

"नाहीस," विश्वनाथराव म्हणाले. "तुला मी उजवी केलंय."

उत्तरा हसली. "हो, जेवताना डावा हात मांडीखाली घालून बसायचं. अभ्यास करतानाही. सगळ्यांना गंमत म्हणून सांगते मी."

"मला त्यात गंमत वाटत नाही." ते लेकीकडे न बघता बोलत होते. "तू चार-पाच वर्षांची होतीस. सत्यनारायणाच्या प्रसादाला सगळ्यांसमोर डावा हात पुढे केलास. भटजींनी तो हळूच बाजूला सारला. कुणी काही बोललं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुख्याध्यापकाच्या मुलीला एवढं वळण नसावं? दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. तू महिनाभर रडलीस. मग रडायची थांबलीस, आणि मी समजलो की तुझा हात सुधारला."

शिमिझु-सान मला हातात धरून दाराशी थांबल्या होत्या. शब्द कळत नव्हते, पण काही तरी महत्त्वाचे चालले आहे एवढे त्यांना समजले असावे.

"तुम्हाला मी शिकार केलेली आवडत नाही," उत्तरा हळूच म्हणाली. "गप्प बसला असतात तर ह्या रायफलीने मला जमलं नसतं. मी सोडून दिली असती."

"तोच विचार करत बसलो होतो इतका वेळ."

"मग का बोललात?"

"त्या हरिणीसाठी," ते म्हणाले. "फोनवर रडत होतीस तेव्हा मी तुला म्हटलं, असतं नशीब एकेकाचं. आज तुझी मान कलताना पाहिली. ती तडफडली त्यात माझा किती हात होता, कुणास ठाऊक. पण असेल तर पुढच्या वेळी नको."

उत्तराने काळी रायफल बाजूला सारली. मग तिने शिमिझु-सानांना जपानीत सगळे सांगितले. त्या बाईंनी मला परत फेल्टवर ठेवले आणि तिला दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला लावली. खिडकीतून ठिपका बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. उत्तराने उजवा मिटला, ठिपका तिथेच होता. डावा मिटला, तर ठिपका नाहीसा झाला, म्हणजे तिचा नेम धरणारा डोळा डावाच होता. तिने पुन्हा करून पाहिले, आणि पुन्हा. मग ती माझ्याकडे वळली.

तिने मला उचलून डाव्या खांद्याला लावले. दस्ता तिच्या हाताच्या लांबीला नेमका पुरला, कारण कुबोता-सान तिच्याएवढेच होते. गाल लाकडावर आपसूक टेकला. मान सरळ राहिली. आधी तिचे हात गोंधळले, बोल्ट शोधायला उजवा हात धावला आणि रिकाम्या लोखंडावर आपटला, तेव्हा ती स्वतःशीच हसली. मग तिने श्वास अर्धा सोडला. मी ठिपक्याकडे पाहिले. ठिपका जागचा हलला नाही.

"बाबा," ती तशीच नेम धरून म्हणाली. "हलत नाहीये."

विश्वनाथरावांनी मान फिरवून चष्मा पुसायला घेतला. मग उठून ते माझ्याजवळ आले. हात लावायचा नाही हे लेकीने त्यांना बजावून ठेवले होते, म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून ते वाकले आणि म्हणाले, "लाकूड चांगलं आहे." माझ्या उभ्या आयुष्यात झालेली ती सगळ्यात काटकसरीची स्तुती, पण मला ती कुबोता-सानांच्या मित्रांच्या कौतुकापेक्षा गोड लागली. शिमिझु-सानांनी पिवळी चिठ्ठी काढून चुरगळली. मात्र त्यांनी उत्तराला स्पष्ट सांगितले, की खांदा बदलणे सोपे नाही. आधी फक्त कागदावर, तेही जवळून. लांबचा पल्ला नंतर.

पुढे परवान्याची कामे झाली. पोलीस आले, शेजाऱ्यांना उत्तराबद्दल विचारून गेले, कपाटाच्या भिंतीतले स्क्रू ओढून बघून गेले. विश्वनाथराव पुण्याला परतले आणि शरद ऋतूत मी या घरी आले. खंडेनवमीला उत्तराने कपाटाच्या बंद दाराला हळदकुंकू लावले. चंद्रहास म्हणाला, की शस्त्र न पाहता शस्त्रपूजा करणारे आपले पहिलेच घर असेल. ती म्हणाली, की कायद्याला देवसुद्धा अपवाद नाही.

नेमबाजीच्या मैदानावरचे सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. घाई झाली की ती मला सवयीने उजव्या खांद्याकडे न्यायची. कधी भर मैदानात मला खाली ठेवून ती लहान मुलीसारखी आपल्या डाव्या तळव्याकडे बघत बसे. पण हात विसरले नव्हते, नुसते गप्प बसवलेले होते. हळूहळू कागदावरची भोके जवळ जवळ येऊ लागली, आणि मग लांबूनही जवळ येऊ लागली. प्रत्येक वेळी घरी आल्यावर ती मला पुसते, तेलाचा हात फिरवते, आणि थंडीतून आलो असलो तर आधी गार पडवीत थांबवते. हे तिला कुणी शिकवले नव्हते, ती पुस्तकात वाचून करते.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करायची रीत आहे. माझी मी आत्ताच करून टाकते, कारण शेवट मला दुसऱ्या गोष्टीने करायचा आहे. तुम्ही कधी हत्यार घ्याल असे मला वाटत नाही, घेऊही नका. पण जुनी वस्तू घेताना ती किती लांब मारते, किती चमकते, हे विचारण्याआधी ती तुमच्या अंगाला बसते का ते बघा. घेतलीत तर पुसून, तेल देऊन सांभाळा. आणि तुमच्या वर्गात एखादे मूल डाव्या हाताने लिहीत असेल, तर त्याला लिहू द्या. त्याचे अक्षर त्याचा हात बघून घेईल.

आता ती गोष्ट. हिवाळा अर्धा सरला तरी उत्तराने मला एकदाही हरणावर झाडले नव्हते. दोनदा रोखून खाली घेतले होते, वारा फार होता. मग एका स्वच्छ सकाळी, बीटाच्या गोठलेल्या शेताच्या पलीकडे एक तरणा नर आडवा उभा राहिला. उत्तराने मला पाठपिशवीवर टेकवले. गाल लाकडावर आला, श्वास अर्धा सुटला. डाव्या हाताच्या बोटाने चाप इतका हळू ओढला, की बार झाला तेव्हा मीच दचकले. हरीण होते तिथेच खाली बसले आणि आडवे झाले. त्याने एक पाऊलही टाकले नाही.

ती चालत त्याच्यापाशी गेली. गुडघ्यांवर बसून डोळा तपासला, मानेवर हात ठेवला. मग फोन काढला. पुण्यात तेव्हा सकाळचा चहा चालू असावा. बोटे गारठल्यामुळे तिने फोन स्पीकरवर टाकून बर्फावर ठेवला, त्यामुळे सगळे मी ऐकले.

"बाबा."

"पळालं का?" विश्वनाथरावांनी विचारले. ते जणू फोनजवळच बसून होते.

"नाही. जागच्या जागी."

तिकडून कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

"त्याला कळलं नाही ना?"

"नाही, बाबा. काहीच कळलं नाही."

"बरं," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "थंडी फार असेल तिकडे. डाव्या हाताला जप."